सायकलची खांदेमळणी

माझ्या उजव्या नडगीवर एक आखूड पांढरी रेघ आहे. पायडलचा दात लागून झालेली. ती कपड्यांत झाकली जाते, त्यामुळे फार कुणी पाहिलेली नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे ती जागा जराशी ओढल्यासारखी होते आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या पुन्हा त्या वाटेला लागते. आधी डांबरी सडक संपते. मग लाल मातीची गाडीवाट, मग ओढा, मग तो मोठा काळा कातळ, मग भातखाचरांचे बांध. धुकं असतं. पुढचं चाक तेवढं दिसतं, त्याच्यापुढे काहीच नाही. चेन किरकिरत असते. मी पोचते कुठे ते मात्र मला कधीच कळत नाही, कारण तेवढ्यात दूधवाला दारात हाक मारतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. डी.एड. झाल्यावर मला झेडपीच्या शाळेत नेमणूक मिळाली, ती थेट पश्चिमेच्या डोंगरात, आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीवर. आम्ही अवसरी बुद्रुकचे, सपाटीवरचे लोक. ऊस, बटाटा आणि कांदा बघत मी वाढले. पश्चिमेला डोंगर आहेत हे संध्याकाळी सूर्य तिकडे जातो म्हणून माहीत, एवढंच. सडकेवरच्या एका गावात मी खोली घेतली. तिथवर एसटी यायची, जीप यायची. शाळेची वाडी मात्र वर होती आणि वर जायला पाय सोडून दुसरं काही नव्हतं. सुरुवातीला मी चालत गेले. पोचायचे तेव्हा पोरं लगोरी खेळून दमलेली असायची आणि मी त्यांच्याहून जास्त दमलेली. मला कुणाची वाट बघायला आवडत नाही. कुणाला वाट बघायला लावणं तर त्याहून नाही. लहानपणापासून आई म्हणते की माझ्या पायाला भिंगरी आणि नाकावर राग. दोन्ही खरं आहे.

सायकल आमच्या गोठ्यातच पडून होती. माझा पुण्याचा मावसभाऊ आणि त्याचे मित्र गियरच्या, जाड टायरच्या सायकली घेऊन आहुप्याला निघाले होते. घोडेगावच्या पुढच्या चढालाच मावसभावाचा उत्साह मावळला. सायकल जीपच्या टपावर टाकून तो आमच्याकडे आला, मासवडीवर ताव मारला, सायकल गोठ्यात लावली आणि 'नंतर नेतो' म्हणून एसटीत बसला. ते नंतर काही उजाडलं नाही. विचारलं तर म्हणायचा, तूच चालव, मला तिच्याकडे बघूनच धाप लागते.

गोठ्यात तिला जागा होती, कारण गोठा रिकामा होता. आमच्याकडे एक खिलारी जोडी होती. बाबांची म्हणायला हवी, कारण ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे. त्यातला एक बैल म्हातारपणाने गेला. दुसरा जोडीदाराशिवाय कामाला उभाच राहीना. शेजारी दुसरा बैल आणून जू ठेवलं की मान काढून घ्यायचा. शेवटी बाबांनी तो जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याला विकला. माणूस चांगला होता. बैलाच्या पाठीवरून हात फिरवतच त्याने त्याला नेलं. पण आळीच्या वळणावर बैल थांबला आणि मागे वळून बघत राहिला, आणि अंगणात उभे असलेले बाबा पाठ फिरवून घरात निघून गेले. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, ते सोडून घेऊन घरात ठेवतात. ते दावं बाबांनी आधीच गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं होतं. त्या दिवसापासून ते गोठ्यात गेले नाहीत.

नुसतं गोठ्यात जाणंच थांबलं असतं तरी चाललं असतं. त्यांचं बोलणंच थांबलं. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायचा तेव्हा ते बांधावर उभे राहायचे, पण हे कर, ते करू नको, असं एक अक्षर काढायचे नाहीत. आई तोंडाची फटकळ. भांडण काढून तरी ते बोलतील म्हणून तिने काय काय बोलून बघितलं, पण समोरून नुसती मान हलायची. मग तीही घाबरली. मला माझे बाबा परत हवे होते. दिवाळीत फराळावरून आईला चिडवणारे, शेजाऱ्याच्या बैलाला नावं ठेवणारे, मोठ्याने शिंकणारे. एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी काय करायचं हे काही केल्या सुचत नव्हतं.

सायकल मी डोंगरात नेली ती वेळेवर शाळेत पोचायला, दुसरा काही विचार त्यात नव्हता. गियर कसे टाकायचे हे कुणी शिकवलं नाही. चुकीचा गियर टाकला की चेन किंचाळायची, बरोबर टाकला की गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्यावरून मी शिकले. पहिल्या आठवड्यात दोनदा ओढ्यात पडले. नडगीवरची रेघ तेव्हाचीच. वाडीतल्या बाया पाण्याला निघालेल्या असायच्या, त्या हंडे घेऊन बाजूला उभ्या राहायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हळूहळू हसणं थांबलं आणि वाट माझ्या अंगवळणी पडली. कुठल्या दगडावर चाक घसरतं, कुठल्या वळणावर कारवीच्या फांद्या गालाला लागतात, हे हातांना कळायला लागलं. डोकं मोकळं राहायचं. कातळावरून खाली धरणाचं पाणी दिसायचं, कधी निळं, कधी पाऱ्यासारखं, आणि कधी धुक्यात ते पाणी आहे की आभाळ आहे ते समजायचं नाही. कितीतरी सकाळी मी अर्धवट झोपेत असल्यासारखी चालवत गेले आहे. मध्ये कुठेतरी मी नाहीशी व्हायचे, आणि शाळेच्या ओट्याशी पोरांनी 'बाई आल्या' अशी आरोळी ठोकली की परत यायचे.

पण डोंगर काही फुकट देत नाही, तो रोज थोडी सायकल खातो. लाल माती ओली असताना चिकटते, वाळली की भुकटी होऊन प्रत्येक सांध्यात शिरते आणि आतून घासत राहते. ब्रेकची रबरं तर दिवाळीतल्या साबणासारखी संपायची. उताराला ती चाकाच्या कड्यावर, रिमवर, घासली जायची आणि मधली वाळू हळूहळू रिमही खरवडायची. चेन लांबायची. मागच्या दातेरी चक्राचे दात झिजून विळ्याच्या टोकासारखे वाकडे व्हायचे. कातळावरून उतरताना चाकाची एखादी तार टण्णकन तुटायची. आणि सायकलबरोबर मीही. तळहात खुरपं धरणाऱ्या बाईसारखे राठ झाले, मनगटं ठणकायची, हँडल सोडलं तरी बोटं तशीच वळलेली राहायची. आई म्हणायची, ह्या हातांकडं बघून कोण पसंत करणार हाय तुला? मी म्हणायचे, हात बघून पसंत करणारा मलाच पसंत नाही.

एकाआड एक शनिवारी सायकल जीपच्या टपावर टाकून मी घरी यायचे, कारण दुरुस्ती व्हायची ती अवसरीजवळच्या मंचरला. असंच एकदा मी अंगणातून सायकल ढकलत गोठ्याकडे नेत होते. बाबा ओट्यावर बसले होते. चेन कर्र कर्र करत होती. मी गोठ्यात शिरले आणि मागून पावलं वाजली. बघते तर बाबा उंबऱ्यात उभे. दोन पावसाळे उलटले होते त्यांना तिथे येऊन.

"आवाज कशाचा येतोय?" त्यांनी विचारलं.

मला भीती वाटली, मी बोलले तर ते परत फिरतील. ते आत आले, खाली बसले, मागचं चाक हाताने फिरवलं. चाक हेलकावे खात होतं.

"हिचा मागचा पाय लंगडतोय."

"पाय नाही बाबा, चाक आहे. तार तुटलीय, म्हणून चाक वाकडं फिरतंय."

"त्येच म्हणतोय मी." मग त्यांनी चेनवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली लाल राड माझ्यापुढे धरली आणि माझ्यावर असं काही तोंड सोडलं, की आई भाकरी थापायची सोडून बाहेर आली. "असं राबवत्यात व्हय? येवढं डोंगर चढून येतीया ती, अन् तू तशीच दावनीला आणून उभी केलीस? ना धुतलं, ना वंगण घातलं. उद्या बसली म्हंजी मग?"

मी आयुष्यात कधी इतक्या आनंदाने बोलणी खाल्ली नसतील. आईने पदराने डोळे पुसले आणि वर कुणी बघू नये म्हणून धुराला शिव्या दिल्या. चुलीला धूर नव्हता.

त्यानंतर मी आले की बाबा गोठ्यात तयारच असायचे. जुन्या धोतराची फडकी, रॉकेलची बाटली, वंगणाचा डबा. चेन काढून रॉकेलमध्ये बुडवायचे, ब्रशने घासायचे. मी बाजूला बसून त्यांना डोंगरातलं सांगायचे आणि ते हं हं करत ऐकायचे, मधूनच विचारायचे, "अन् त्या कातळाला कशी उतरती? बिचकत न्हाई ना?" निघताना एकदा पाहिलं तर त्यांनी खुंटीवरचं ते दावं काढून सायकलच्या दांड्याला बांधलं होतं आणि दुसरं टोक दावणीला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "पडायची न्हाई रातची." आई म्हणाली, "आता वैरण बी टाका." बाबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, पण मिशीत हसले.

आमच्याकडे पोळा भादव्यातल्या अवसेला असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, कातडं राठ होतं. त्या दिवशी त्याला कामाला लावत नाहीत, खांद्याला हळद आणि तूप चोळतात, त्याच्याशी चार शब्द बोलतात. बैल गेल्यापासून आमच्या घरी खांदेमळणी झाली नव्हती. त्या वर्षी मी पोळ्याला आले तेव्हा संध्याकाळ होत होती, आळीत सगळ्यांच्या अंगणात हळदीचा वास सुटला होता. आमच्या गोठ्यातूनही सुटला होता. आत बाबा सायकलपुढे उकिडवे बसले होते, हातात वाटी. हँडलचे सांधे, पुढचं चाक धरणारा चिमटा, सीटखालचा दांडा, सगळं पिवळं धमक चमकत होतं. त्यांनी मान वर केली आणि चोरी पकडल्यासारखे हसले. "आखं वरीस वझं वढलंय तिनं," म्हणाले. मला रडू आलं. मी तिथेच पालथ्या पाटीवर बसून घेतलं.

सकाळी सगळे बैल सजून मारुतीच्या देवळाकडे निघाले. शिंगांना रंग, पाठीवर झुली, घुंगरांचा नुसता गजर. बाबा म्हणाले, "तू बी आण की फिरवून. येशीपतुर जा अन् ये." हँडलला त्यांनी गोंडेही बांधले होते. पोटात लाज, डोक्यात जिद्द, अशी मी निघाले. आमच्या आळीतून देवळाकडे चांगला उतार आहे. वळणावर मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन्ही ब्रेक कचकून दाबले, तरी सायकल लोण्यावरून घसरावी तशी पुढे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी खांदे मळले होते, पाय मळले होते, आणि मायेच्या भरात दोन्ही चाकांच्या रिमा दोन्ही बाजूंनी, जराही जागा न सोडता, तुपाने मळल्या होत्या.

समोर बैलांची रांग. मी ओरडत होते, बाजूला व्हा, बाजूला व्हा. बाया भिंतीला चिकटल्या, ओवाळणीचं ताट कुणाच्या तरी हातातून सुटलं. आणि मागून, सगळ्या आवाजांच्या वर, बाबांचा आवाज आला.

"हो! हो रं! हो राजा, हो!"

बैल उधळला की त्याला थांबवायला ते जशी हाक द्यायचे, तशी हाक. ते उतारावरून धावत येत होते, एका हाताने धोतर सावरत, दुसरा हात वर. ती हाक ऐकून रांगेतले सगळे बैल जागच्या जागी उभे राहिले. थांबली नाही ती फक्त सायकल. ती मला घेऊन वैरणीसाठी रचलेल्या उसाच्या वाढ्याच्या, हिरव्या शेंड्यांच्या, ढिगात घुसली, तेव्हा कुठे थांबली.

मग कोणीतरी म्हणालं, "लई तापट बैल हाय राव तुमचा!" आणि जो हशा पिकला तो पिकला. मी वाढ्यातून डोकं बाहेर काढलं तर बाबा समोर उभे. धापा टाकत होते, कपाळावर घाम. मला लागलं नाही हे त्यांनी आधी नीट पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. गुडघ्यावर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आधी हसायचे तसे. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा ढिगांत घुसले असते.

घरी आल्यावर मी त्यांना ब्रेक कसा लागतो ते दाखवलं. रबर रिमला धरतं म्हणून चाक थांबतं, रिमला तूप लागलं की संपलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कानाला हात लावला. पुढे दरवर्षी खांदेमळणीला वाटी घेऊन बसले की चाकापाशी त्यांचं बोट थांबायचं आणि ते विचारायचे, "रिम सोडून?" मी म्हणायचे, "रिम सोडून." मग ते बोट पुढच्या सांध्याकडे जायचं. आईने पोळ्याच्या नैवेद्यात एक वेगळी पुरणपोळीही ठेवायला सुरुवात केली. ती निघायची सायकलच्या नावाने आणि जायची बाबांच्या पोटात.

अशी वर्षं गेली. डोंगरात वर्षं मोजायची सवय सुटते. भाताची आवणी, म्हणजे लावणी, झाली, भात कापलं, हिरडा वेचायला बाया रानात गेल्या, की झालं वर्ष. एका सुट्टीत मी वाडीतल्या एका म्हाताऱ्या मावशींबरोबर आहुप्याच्या देवराईत, देवासाठी राखलेल्या रानात, गेले होते. त्या पायी, मी त्यांच्या चालीने सायकल हळू चालवत. देवराईत शिरल्यावर उजेड हिरवा झाला आणि चाकांचा आवाज बंद झाला, खाली पाचोळा इतका मऊ होता. तिथेच चेन तुटली आणि चाकाच्या तारांत अडकली. ती काढायला मी जवळची एक सुकी काटकी उचलली.

"ठिवा ती, बाई," मावशी म्हणाल्या. "हितलं काय घ्यायचं न्हाई."

"नेत नाही हो. चेन काढते फक्त."

"तुमी ठिवा."

मी ठेवली आणि बोटांनी चेन सोडवली. हात काळे झाले, नखं दुखली, मला रागही आला. समोर एक अजस्र झाड आडवं पडलेलं होतं. त्यावर शेवाळ होतं आणि शेवाळावर दुसऱ्या झाडांची इवली रोपं. मी विचारलं, हे पडून किती दिवस झाले?

"माज्या लग्नाच्या आदीचं हाय."

"एवढं लाकूड! सरपणाला नाही नेलं कुणी?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भलतंच विचारलं होतं. "पडलं म्हून काय आपलं झालं?" त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी सायकल ढकलत त्यांच्यामागून निघाले. पुढे कड्यावर पोचलो तेव्हा खाली कोकण ढगाने भरलेलं होतं, आणि आम्ही दोघी पाय सोडून तिथे पेंगत बसलो.

तोवर सायकलचं मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. टायर, चेन, चाकाच्या तारा, छर्रे, सीट, सगळं कधी ना कधी बदललं होतं. रिमाही नव्या घातल्या होत्या. फक्त मधला सांगाडा पहिल्यापासूनचा. आणि एका सकाळी कातळावरून उतरताना माझ्या खालून एक वेगळाच आवाज आला, सुकलेली शेंग फुटावी तसा. सीटखालच्या जोडापाशी केसाएवढी चीर पडली होती. मंचरच्या वेल्डिंगवाल्याने ती जोडून दिली आणि स्पष्ट सांगितलं, "ताई, घरात उभी करायला हाय ही. डोंगरात नेऊ नका, उतारावर दोन तुकडं हुतील." माझे गुडघेही एव्हाना त्याच भाषेत बोलायला लागले होते. त्याच वर्षी माझी बदली पेठला झाली. पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव, दारात डांबर. मी स्कूटर घेतली. डोंगरातल्या शाळेतल्या नव्या गुरुजींना सायकल द्यावी असं फार मनात होतं, पण त्या चिरेवर दुसऱ्या कुणाचा जीव टांगायचा धीर होईना.

आता बाबा खूप थकले होते. तरी रोज सकाळी गोठ्यात जाऊन उभ्या सायकलवरून फडकं फिरवायचे. आईला मात्र गोठा हवा होता. त्या वर्षी कांदा अमाप झाला होता, कांद्याला भाव नव्हता, तो राखून ठेवायला कोरडी जागा लागत होती. तिचं काही चुकत नव्हतं. "मोडकं लोखंड ते," ती मला म्हणाली, "पोळा झाला की भंगारवाल्याला सांगितलंय. तुझं तू त्यास्नी सांग. मी न्हाई सांगायची." मी हो म्हटलं. मोडकं लोखंडच होतं ते. सांगायचं मात्र आठवडाभर राहून गेलं. बाबांनी आमचं बोलणं ऐकलं होतं की नाही, हे मला कळत नव्हतं.

खांदेमळणीच्या संध्याकाळी मी पेठहून आले आणि गोठ्यात पाऊल टाकताच कळलं. दावं सायकलला नव्हतं. नीट वेटोळं करून परत त्या खुंटीला अडकवलेलं होतं.

ते त्यांनी स्वतः सोडलं होतं. जनावर जायच्या आधी सोडून घेतात तसं. एका शब्दाने त्यांनी मला विचारलं नव्हतं, अडवलं नव्हतं. वाटी घेऊन ते चाकापाशी बसले होते. हँडल झालं, चिमटा झाला. वेल्डिंगच्या जोडावर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ चोळलं, बैलाच्या खांद्याचा घट्टा चोळावा तसं. आई दारातून म्हणाली, "परवा सकाळी येतोय त्यो, ध्यानात हाय ना?" मग बाबांचं बोट पुढच्या चाकापाशी आलं आणि थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चाकाकडे बघतच विचारलं.

"रिम सोडून?"

एरवी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर द्यायचे. त्या दिवशी मला देवराईतलं ते आडवं झाड दिसत होतं, आणि आळीचं वळण, आणि मागे बघणारा बैल. हो म्हटलं असतं तर त्यांनी तसंच केलं असतं, आणि परवा सकाळी उठून घरात निघून गेले असते.

"लावा," मी म्हणाले.

"आं?"

"रिमलाही लावा, बाबा. ही आता कुठे जात नाही."

मग त्यांनी वाटीत चारी बोटं बुडवली आणि चाक हळूहळू फिरवत रिमला तूप लावायला लागले. एक बाजू, मग दुसरी. जराही जागा न सोडता. लावता लावताच, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "वळून बघितलं व्हतं त्यानं. अन् मी घरात गेलो."

"हो, बाबा."

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि मागच्या चाकाला लावायला बसले. बाबा भिंतीचा आधार घेत उठले, खुंटीवरचं दावं काढलं आणि सायकलच्या दांड्याला बांधलं. गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं.

आई आत आली, दावं बघितलं, आम्हा दोघांच्या पिवळ्या हातांकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् माजा कांदा कुटं ठिवू?"

"माज्या खाटंखाली ठिव," बाबा म्हणाले.

तिने खरंच तिथे ठेवला. त्या हिवाळ्यात बाबांच्या अंथरुणाला, पांघरुणाला, मिशीलासुद्धा कांद्याचा वास येत होता, आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.